पहिल्या खुर्चीतला राजा-गुलाम

पोकरच्या टेबलावर हातात एक राजा आणि एक गुलाम आला की माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं. एक इस्पिकचा, एक चौकटचा; घराणी वेगळी, पण दोघंही दरबारातले. अशा वेळी शेजारी बसलेला एखादा शहाणा कानात म्हणाला, "टाकून दे," तर त्याच्याच तब्येतीची चौकशी करावीशी वाटते. आणि हाच शहाणा थोड्या वेळाने, अगदी तशीच पानं आलेली असताना म्हणतो, "आता वाढव." पानं तीच, माणूस तोच, समोरचे चिंचोकेही तेच. हललेली असते ती फक्त एक पांढरी चकती. मघाशी ती दुसऱ्याच्या पुढ्यात होती, आता आपल्या पुढ्यात आहे.

या चकतीला बटन म्हणतात. ती ज्याच्यासमोर असेल त्याचा त्या डावापुरता राज्याभिषेक झालेला असतो. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग मधोमध आधी तीन, नंतर एक, नंतर आणखी एक अशी पाच पानं उघडतात आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची एक फेरी होते. फेरी बटनाच्या डावीकडून सुरू होते आणि बटनापाशी संपते. अपवाद फक्त पहिल्या फेरीचा. बटनाच्या डावीकडच्या दोघांना, म्हणजे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंडला, पानं बघायच्या आधीच सक्तीने पैसे टाकावे लागतात, म्हणून त्या फेरीत त्यांना सगळ्यांच्या मागून बोलू देतात. त्यांच्या पलीकडे बसलेल्याला मात्र सर्वांत आधी तोंड उघडावं लागतं. त्या जागेचं नाव 'अंडर द गन'. दर डावाला चकती एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे राज्य सगळ्यांना मिळतं आणि सगळ्यांचं जातं.

आमच्या घरात हे ज्ञान भाच्याने आणलं. तो डॅलसला असतो, म्हणजे हा खेळ जिथला त्याच राज्यात. टेक्सासच्या विधिमंडळाने तर २००७ मध्ये ठराव करून रॉब्सटाउन या गावाला होल्डेमचं जन्मस्थान म्हणून मान्यताही दिली आहे. (ठराव करायला विषय कमी पडू नयेत, ही विधिमंडळांची काळजी सगळीकडे सारखीच दिसते.) गणपतीला सुट्टी काढून आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून चॉकलेटं निघाली आणि फोनमधून तक्ता. गौरी जेवल्या, आवराआवर झाली, पत्ते बाहेर आले. एरवी आम्ही रमी खेळतो नाहीतर तीन पत्ती, आणि आमच्या तीन पत्तीत जागेला किंमत नसते, आवाजाला असते. भाचा म्हणाला, "मामा, पानं बघायच्या आधी आपण कुठे बसलोय ते बघायचं."

मी म्हणालो, "सतरंजीवर."

त्याने कपाळाला हात लावला आणि तक्ता उघडला.

तक्ता दिसायला मोठा देखणा. १३ ओळी, १३ रकाने, एक्क्यापासून दुर्रीपर्यंत. कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेल्या तिरक्या रेषेवर जोड्या; रेषेच्या वर सुटेड, म्हणजे दोन्ही पानं इस्पिकची किंवा दोन्ही बदामाची वगैरे; रेषेच्या खाली ऑफसूट, म्हणजे भिन्न कुळातली. एकूण १६९ प्रकार. पान न् पान वेगळं धरून मोजलं तर १,३२६ हात, कारण कुठल्याही एका जोडीचे ६ हात होतात, एका सुटेड प्रकाराचे ४ आणि ऑफसूटचे १२. लाल चौकोन खेळायचे, निळे टाकायचे. असा एकच तक्ता असता तर आम्ही तो देवासमोर ठेवून पाठ केला असता. पण प्रत्येक खुर्चीचा तक्ता निराळा. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या खुर्चीच्या तक्त्यात लाल रंग डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो, साधारण दहा-बारा टक्के. खुर्ची सरकते तसा तो हातपाय पसरतो आणि बटनापर्यंत येता येता चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा व्यापतो. बटनाच्या अलीकडच्या दोन खुर्च्यांना हायजॅक आणि कटऑफ म्हणतात. त्यांच्याविषयी एवढंच सांगण्यासारखं आहे, की तिथे अंडर द गनपेक्षा जास्त हात खेळायचे आणि बटनापेक्षा कमी.

शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तक्त्याचं निरीक्षण केलं आणि विचारलं, "म्हणजे दहातले नऊ डाव टाकून द्यायचे?"

"पहिल्या खुर्चीत, हो."

"मग आलो कशाला?"

जगातल्या कुठल्याही पोकर प्रशिक्षकाला या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही.

गणित तसं सरळ आहे. शंभरातले पाच सर्वोत्तम हात धरा. मोठ्या जोड्या, एक्का-राजा, असे. एका माणसाकडे असा हात असण्याची शक्यता पाच टक्के. पहिल्या खुर्चीत बसून तुम्ही पैसे वाढवता तेव्हा आठ जण बोलायचे बाकी असतात. त्या आठांत निदान एकाकडे असा हात असण्याची शक्यता जवळजवळ ३४ टक्के निघते, म्हणजे दर तीन डावांत एकदा कोणीतरी पानांआडून तुमच्याकडे प्रेमाने पाहत असतो. बटनावर बसल्यावर, आधीच्या सगळ्यांनी पानं टाकलेली असतील तर, मागे उरतात फक्त दोन ब्लाइंडवाले. तीच शक्यता दहा टक्क्यांवर येते. राजा-गुलाम बिचारे बदललेले नसतात. त्यांच्या पाठीमागची गर्दी बदललेली असते.

पण हे निम्मं कारण झालं. उरलेलं निम्मं समजायला पोकरच्या पुस्तकांची गरज नाही, आपल्याकडचा कुठलाही सत्कार समारंभ पुरेसा आहे. पहिला येतो प्रास्ताविकवाला. पुढचे सहा वक्ते काय बोलणार याची त्याला काही कल्पना नसते, त्यामुळे तो जपून बोलतो. न बोलला तर आणखी बरं. मधले वक्ते आधीच्यांनी काय सोडलं ते चाचपत पुढे जातात. आणि सर्वांत शेवटी उठतात ते अध्यक्ष. कोण अडखळलं, कोणी कोणाला चिमटा काढला, उत्सवमूर्तींना डुलकी कधी लागली, हे सगळं त्यांनी खुर्चीतून शांतपणे पाहिलेलं असतं. स्वतः काही तयारी न करता आलेले अध्यक्षसुद्धा केवळ शेवटी बोलतात म्हणून विद्वान ठरतात. बटन म्हणजे अध्यक्षपद. बिग ब्लाइंड म्हणजे ज्याने हॉलचं भाडं आधीच भरलंय तो, आता कार्यक्रम कसाही झाला तरी त्याला थांबणं भाग. आणि स्मॉल ब्लाइंड म्हणजे ज्याने अर्धं भाडं भरून वर स्वागतगीतही गायचं आहे. कारण मधली पानं उघडल्यावर प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या आधी त्यालाच बोलावं लागतं.

मला गंमत वाटते ती याची. खुर्ची माणसापेक्षा मोठी असते हे आपल्याला शाळेतल्या मॉनिटरपासून ते गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवापर्यंत जन्मभर दिसत असतं. कुठल्या टेबलामागे कोण बसलंय ते पाहूनच आपण नमस्कार किती वाकून करायचा ते ठरवतो. आणि आपली हीच माणसं पोकर खेळायला बसली की खुर्चीकडे ढुंकून बघत नाहीत, पानांकडेच बघतात. हातात राजा आला की काका तो टाकूच शकत नाहीत. "घरी आलेल्या राजाला असं कसं घालवायचं?" हा त्यांचा सिद्धान्त. राजाबरोबर कोण आलंय हे ते विचारत नाहीत. तिर्री आलेली असते.

राजा-तिर्रीचं सोडा, राजा-गुलाम तर सभ्य पानं आहेत. ती पहिल्या खुर्चीत का टाकायची? कारण तिथून वाढवल्यावर तुमच्या मागे थांबणारा माणूस कशावर थांबतो ते पाहा. एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-राणी, मोठ्या जोड्या. मग मधे राजा उघडतो, तुम्हाला हर्ष होतो, आणि समोरच्याकडेही राजा असतो, फक्त त्याच्या शेजारी एक्का बसलेला असतो. राजा न आला तर थोडे जातात, राजा आला तर सगळे जातात. मनासारखं झालं की जास्त नुकसान होणं, ही पहिल्या खुर्चीची खास सोय.

इथपर्यंत सगळ्यांनी मान डोलावली. गाडी अडली ती एक्का-पंजीपाशी. माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, आयुष्यभर गणित शिकवत आलेली. तिने तक्त्यावर बोट ठेवलं. "अरे, इथे एक्का-नव्वी ऑफसूट निळी आहे आणि एक्का-पंजी सुटेड लाल. नऊ मोठे की पाच?"

"आई, नऊ मोठे, पण पंजी चांगली."

हे वाक्य गणिताच्या निवृत्त शिक्षिकेसमोर बोलण्याचं धाडस अमेरिकेत राहूनच येतं. पण भाच्याची बाजू खरी होती. एक्का-पंजीला एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी असा क्रम लागू शकतो. एक्का आणि नव्वी दोन्ही वापरून कुठलाच क्रम लागत नाही. सुटेड असल्यामुळे पाच पानं एका कुळाची जमली तर त्यात सर्वांत मोठी आपली. आणि एक्का-नव्वीचा मोठा दोष म्हणजे तिला आपण मोठी असल्याचा भ्रम असतो. समोर एक्का-राजा आला तरी ती मागे हटत नाही. एक्का-पंजीला आपली पायरी माहीत असते, ती लवकर पानं टाकते. ताईने हे सगळं ऐकून घेतलं, "सिद्धता पटली, भाषा पटली नाही," म्हणाली, आणि त्या रात्री आमच्यात तक्त्याप्रमाणे खेळणारी ती एकटीच निघाली. तिच्यासमोर चिंचोक्यांचा ढीग होत गेला. आम्ही त्याला नशीब म्हणत होतो.

सुटेड हा शब्द मात्र भाच्याने आम्हाला शिकवायला नको होता. माझा मेव्हणा त्यानंतर कुठलीही दोन पानं उचलून "सुटेड आहेत!" एवढ्या भांडवलावर आत यायला लागला. बदामाची नव्वी आणि बदामाची दुर्री: सुटेड आहेत. किलवरचा गुलाम आणि किलवरची तिर्री: सुटेड आहेत. आता, सुटेड दोन पानं हातात असताना पहिल्या तीन पानांतच फ्लश, म्हणजे एका कुळाची पाच पानं, पूर्ण होण्याची शक्यता एक टक्काही नाही. साधारण ११९ वेळांत एकदा. ऑफसूटपेक्षा सुटेड हात जिंकण्याची शक्यता उणीपुरी दोन-चार टक्क्यांनी वाढते. म्हणजे वाईट पानं सुटेड असली तर ती किंचित कमी वाईट असतात. मेव्हण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण कूळ एक आहे ना!" आणि पुन्हा आत आला. पत्रिका जुळवणाऱ्यांचा वंश असा पोकरमध्येही टिकून आहे.

तक्ता पाठ करणं अवघड नाही. आपल्याकडे पोरं पावकी-निमकी पाठ करत होती. १६९ चौकोनांचं काय? अवघड आहे ते कंटाळा सोसणं. कॅसिनोतल्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. तक्त्याप्रमाणे वागलं तर त्यातले चार-पाच खेळायचे आणि बाकीचे टाकून गप्प बसायचं. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते, म्हणजे त्या वेगाने सात-आठ तासांतून एकदा. आणि आल्यावर तरी काय? एक्क्यांवर आठही जण आत राहिले तर ती जोडी तीनातून जेमतेम एकदा जिंकते. एवढा वेळ गप्प बसायची आपल्याला सवय नाही. सिनेमात तीस वेळा 'पुढे चला' म्हणून पाचच वेळा पडदा उघडला तर आपण तिकिटाचे पैसे परत मागू. टेबलावर मात्र टाकणाराच जास्त टिकतो, आणि टाकणाऱ्याची कथा सांगायला कोणी नसतं. 'मी काल पंच्याऐंशी हात फार सुंदर टाकले' असं सांगितल्यावर पुढे ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्यात टाकलेल्या पानांचा सूड असतोच. सत्ती-दुर्री ऑफसूट हा नऊ जणांच्या टेबलावरचा सर्वांत निकृष्ट हात मानतात. एक्क्यांच्या जोडीसमोर तो शंभरातून बारा वेळा जिंकतो, तेही देवाच्या कृपेने. काकांनी तो एकदाच, भाच्याच्या आग्रहाखातर, टाकला. मधे उघडल्या दोन सत्त्या आणि एक दुर्री. काकांनी त्या तीन पानांकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं, मग गणपतीकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी सत्ती-दुर्री कधीच टाकली नाही. त्या हातावर ते किती वेळा बुडाले हे त्यांना आठवत नाही, न खेळलेला तो एक डाव मात्र त्यांना पानांच्या चिन्हांसकट आठवतो. माणसाच्या स्मरणशक्तीचा तक्ता कोणी काढला तर तो पोकरच्या तक्त्याच्या नेमका उलट येईल.

आता १९७६ या सालाकडे यायला हवं, कारण त्या वर्षी या विषयात जरा दाटीच झाली. डेव्हिड स्क्लान्स्की यांचं होल्डेमवरचं पुस्तक त्या वर्षी आलं. सुरुवातीच्या हातांची गटवारी करून कोणता गट कुठल्या खुर्चीत खेळायचा हे त्यांनी शिस्तीत मांडलं. आजच्या रंगीत तक्त्यांचं मूळ तिथे आहे. आणि त्याच वर्षी लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत टेक्सासच्या डॉइल ब्रन्सन यांनी जागतिक स्पर्धेची अखेरची बाजी जिंकली ती दश्शी आणि दुर्री घेऊन. एका अपघाताकडे जगाने दुर्लक्ष केलं असतं. पण १९७७ मध्ये ब्रन्सन यांनी ती स्पर्धा पुन्हा जिंकली आणि शेवटच्या डावात पुन्हा दश्शी-दुर्रीच होती. दोन्ही वेळा फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी पानं, लागला. तेव्हापासून या हाताला त्यांचंच नाव पडलं आहे, आणि तक्ता दाखवणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी विचारतंच, "मग ब्रन्सनचं काय?" आमच्याकडे ते मेव्हण्याने विचारलं. त्याला ब्रन्सन माहीत नव्हते, भाच्यानेच कौतुकाने सांगितले होते.

ब्रन्सनचं असं, की दोन्ही वेळा टेबलावर दोघेच उरले होते. नऊ जणांत जे पान टाकायचं ते दोघांत खेळावं लागतं, कारण मागे गर्दीच नसते. दोघांच्या खेळात बटनवाला बहुतेक सगळे हात खेळतो. म्हणजे ब्रन्सन यांनी तक्ता मोडला असं म्हणण्यापेक्षा ते वेगळ्या पानावरचा तक्ता खेळत होते असं म्हणणं जास्त बरोबर. पण 'वेगळ्या पानावरचा तक्ता' यात रोमांच नाही, दश्शी-दुर्रीत आहे.

त्याच १९७६ साली इकडेही दोन कायदे झाले. गोवा, दमण आणि दीवसाठी सार्वजनिक जुगाराला आळा घालणारा कायदा झाला. पुढे नव्वदीत त्यात दुरुस्त्या होऊन आधी पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रं आणि मग पाण्यावरची जहाजं त्यातून सुटली. आज पणजीला मांडवीत जी रोषणाईची जहाजं उभी असतात, त्यांचं मूळ आळा घालण्याच्या कायद्यात आहे. महाराष्ट्राने मात्र १९७६ मध्ये कॅसिनो चालू करण्याचा आणि त्यावर कर बसवण्याचा कायदा केला, आणि तो कधी अमलातच आणला नाही. सत्तेचाळीस वर्षं हातात धरून बसलं, ना वाढवलं ना टाकलं, आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचा निर्णय घेतला. इतक्या संयमाने पानं टाकणारा खेळाडू लास वेगासनेही पाहिला नसेल. बाकी फोनवर पैसे लावून पोकर खेळण्याचा प्रश्न ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मिटवला, त्यामुळे उरले चिंचोके आणि मांडवी.

मांडवीतल्या जहाजावर शनिवारी रात्री पोकरच्या टेबलाभोवती निम्मे लोक पुण्या-मुंबईचे आणि बेळगाव-हुबळीचे असल्यासारखे वाटतात. तक्ता पाठ असलेला मनुष्य तिथे लगेच ओळखू येतो. पानं उचलतो, क्षणभर डोळे मिटतो, ओठ हलतात. देवाचं नाव घेत नसतो, रकाना शोधत असतो. मग तो नेमकं, निर्दोष, शास्त्रशुद्ध वाढवतो. मधली तीन पानं उघडतात आणि तो एकदम वर छताकडे बघायला लागतो, कारण तक्ता तिथेच संपलेला असतो. पुढचं त्याने वाचलेलंच नसतं. त्याच्या शेजारी हमखास एक कोल्हापूरकडचा गृहस्थ असतो, ज्याला तक्ता, खुर्ची, बटन यांतलं काही माहीत नसतं, पण समोरचा छताकडे का बघतोय हे मात्र बरोबर कळतं.

खुर्चीचं माहात्म्य इतकं आहे, की तिच्यापुढे पानं नसली तरी चालतात. नॉर्वेच्या अ‍ॅनेट ओब्रेस्टाड हिने २००७ मध्ये १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पानं झाकून ठेवून जिंकली. एकदाच काय ते डोकावून पाहिलं असं ती सांगते. बाकी सगळा वेळ कोण कुठे बसलंय, कोण घाबरलंय, कोण वाट बघतंय एवढ्यावर खेळली. त्याच वर्षी लंडनला पोकरच्या जागतिक मालिकेची युरोपातली पहिली मुख्य स्पर्धाही तिने जिंकली, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. हे ऐकून मेव्हण्याने एक डाव पानं न बघता खेळला. फरक असा जाणवला, की तो पानं न बघता आधीपेक्षा बराच बरा खेळतो.

खुर्चीकडे दुर्लक्ष केल्याची जबर किंमत मोजली ती जुन्या अमेरिकेतल्या बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉकने. एरवी तो म्हणे भिंतीला पाठ लावूनच बसायचा. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुडच्या सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, भिंतीकडची जागा भरलेली होती, त्याने बदलून मागितली, ती मिळाली नाही, आणि पाठीमागून गोळी आली. त्याच्या हातात दोन एक्के आणि दोन अठ्ठ्या होत्या अशी आख्यायिका आहे. हात चांगला होता, हे आमच्या काकांनी आवर्जून नोंदवलं.

ब्लाइंडमध्ये बसलेल्यांविषयी मला करुणा वाटते. अट्टल खेळाडूसुद्धा वर्षाचा हिशोब काढतात तेव्हा बिग ब्लाइंडच्या खुर्चीत तोटाच दिसतो. तिथलं कौशल्य एवढंच, की तोटा कमी करायचा. समजा बिग ब्लाइंडने १० चिंचोके टाकलेत, स्मॉल ब्लाइंडने ५. बटनवाल्याने २५ केले, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली. आता मधे ४० आहेत आणि बिग ब्लाइंडला आणखी १५ घालून राहायचं आहे. ५५ मधले १५, म्हणजे शंभरात सत्तावीस वेळा जिंकलं तरी परवडतं. म्हणून तक्ता त्याला पुष्कळ फाटकी पानं खेळायला सांगतो. काकांना बिग ब्लाइंडची खुर्ची या एका वाक्यामुळे फार आवडली. "आधीच पैसे घातलेत, आता मागे कसं हटायचं," हे तत्त्व पाटबंधारे खात्यात त्यांनी निवृत्त होईपर्यंत पाळलेलं होतं.

एवढं सगळं मांडून झाल्यावर भाच्याने शेवटचा बॉम्ब टाकला. हे लाल-निळे तक्ते आता जुने झाले म्हणे. आता संगणक तक्ते काढतो. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' नावाच्या प्रणालीने पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार कसलेल्या खेळाडूंना १,२०,००० डावांत सपशेल हरवलं, आणि तेव्हापासून संगणकाशी हुज्जत घालायची सोय राहिली नाही. या नव्या तक्त्यांत काही चौकोन धड लाल नसतात, धड निळे नसतात. अर्धे-अर्धे रंगवलेले असतात. एखादा हात एखाद्या खुर्चीत शंभरातून साठ वेळा खेळायचा आणि चाळीस वेळा टाकायचा. कधी कुठला, ते आपल्या मनाने ठरवायचं नाही, कारण मनाला सवयी असतात आणि समोरच्याला त्या कळतात.

"मग कशाने ठरवायचं?" ताईने विचारलं.

"घड्याळाने. सेकंदकाटा छत्तीसच्या आत असला तर वाढवायचं, पुढे असला तर टाकायचं." १९९५ चे जगज्जेते डॅन हॅरिंग्टन यांनी सेकंदकाट्याची ही युक्ती आपल्या पुस्तकात दिली आहे, असंही त्याने सांगितलं.

ताई म्हणाली, पन्नास वर्षं गणित शिकवल्याचं सार्थक झालं. मेव्हण्याने हातातलं घड्याळ दाखवलं, त्याला सेकंदकाटाच नव्हता. काका मात्र प्रथमच खुलले. त्यांनी बाही वर केली, पानं उचलली, गंभीरपणे मनगटाकडे पाहिलं आणि वाढवलं. पुढच्या डावाला पाहिलं, वाढवलं. त्याच्या पुढच्या डावाला पाहिलं, वाढवलं. पहाटेपर्यंत ते शास्त्रशुद्ध वाढवत होते आणि भाचा त्यांच्या खेळात काहीतरी आकृतिबंध शोधत होता. तो सापडला नाही, कारण काकांच्या घड्याळाचा सेल गेल्या दिवाळीत संपला आहे, आणि सेकंदकाटा वीसवर उभा आहे.